उड्डाण पाहण्याचा हक्क

अवकाश विभागाला केंद्रीय अर्थसंकल्पातून वर्षाला सुमारे १३ हजार कोटी रुपये मिळतात. पैसा जनतेचा, तरीही श्रीहरिकोट्यात सामान्य नागरिकांसाठी खुली गॅलरी झाली ती २०१९ मध्ये. रोहिणी उपग्रह तेथूनच १९८० साली झेपावला होता! तोवर लोक पुलिकत सरोवराच्या काठी उभे राहून आकाशाकडे पाहत. सुमारे पाच हजारांच्या या गॅलरीला मी सरकारी मेहरबानी मानत नाही. केरळात थुंब्याच्या कोळ्यांनी अग्निबाणांसाठी आपले चर्च सोडले. आज तेथे संग्रहालय आहे, हे उचितच. आता तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहत आहे, दोन हजारांहून अधिक एकरांवर. तेथे प्रेक्षकांची सोय मूळ आराखड्यातच हवी, आणि पहिल्या रांगेत जमीन गमावलेले ग्रामस्थ बसावेत.