माणूस धाटावला, मत मुलखाला

निवडणूक आली की आपल्याकडे जातींची बेरीज सुरू होते. आगरी किती, कुणबी किती, कोळी, मुसलमान, कातकरी किती? ही बेरीज खोटी नाही, पण अपुरी आहे. माणूस राहतो कुठे आणि मतदारयादीत त्याचे नाव कुठे, हा हिशेबही मांडायला हवा.

रायगड लोकसभा मतदारसंघात रत्नागिरीचे दापोली आणि गुहागरही येतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर रायगडात ९५९. पहिल्या आकड्यामागे मुंबईला गेलेला चाकरमानी आहे. दुसऱ्यात कामधंद्यासाठी बाहेरून आलेल्या पुरुषांचाही वाटा आहे.

रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक वसाहतीत हे दोन्ही प्रवाह भेटतात. गावचा तरुण मुंबईची वाट धरतो आणि परगावचा कामगार इथे खोली घेतो. कारखान्यांचा वास आणि कुंडलिकेचे पाणी या कामगाराच्या वाट्याला येते, मत मात्र अनेकदा मुलखातच राहते. वास्तविक, जिथे सर्वसाधारण वास्तव्य तिथे नाव नोंदवावे, असे कायदा सांगतो.

अशा मतांनी काय फरक पडतो? २०१४ साली इथे अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी मात केली. चाळीस-बेचाळीस एसटी गाड्यांत मावतील एवढी ही माणसे! म्हणूनच चाकरमान्यांना मतदानासाठी गावी आणण्याची धडपड चालते. यादीत नाव नसलेल्या कामगाराच्या खोलीकडे मात्र उमेदवार सहसा फिरकत नाही.