निरोप एक, मजले अनेक

धुळे–सोलापूर महामार्गावर बीड सोडून दक्षिणेला निघाले की मांजरसुंब्याचा चौक लागतो. येथून एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो, दुसरा केज–अंबाजोगाईकडे. संगणक एकमेकांशी कसे बोलतात हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल.

समजा, धुळ्याच्या आईने अंबाजोगाईच्या लेकीला फराळाचा डबा पाठवला. चौकात गाडी बदलायची आहे. तिथल्या हमालाला आत चकली आहे की लाडू, याच्याशी कर्तव्य नाही. तो गावाचे नाव वाचतो आणि डबा केजच्या गाडीत चढवतो. ड्रायव्हरला तर डब्यावरचे नावही वाचावे लागत नाही. प्रत्येकाने आपले काम चोख करावे, दुसऱ्याच्या कामात डोकावू नये.

संगणकांचा व्यवहारही असाच चालतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1984 साली त्याचे सात थर सांगितले. तळाला तार, काचतंतू किंवा रेडिओलहरी. दुसरा थर शेजारच्या यंत्रापर्यंत पोहोचवतो. तिसऱ्यावर पत्ता पाहून वाट ठरवणारा राउटर, म्हणजे आपला हमाल. चौथा थर या टोकापासून त्या टोकापर्यंतची काळजी वाहतो. वरचे तीन संभाषण, मजकुराची मांडणी आणि प्रत्यक्ष अ‍ॅप सांभाळतात. इंटरनेट मात्र टीसीपी/आयपी या अधिक सुटसुटीत पद्धतीवर चालते. भारतातल्या शिक्षणसंस्था जोडणाऱ्या ‘अर्नेट’वर काही वर्षे दोन्ही पद्धती नांदल्या, 1995 पासून जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली.

आपल्याला हे कशाला हवे? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कित्येक मुले आजी-आजोबांपाशी राहतात. फडावरून आई व्हिडिओ कॉल लावते तेव्हा कोपीपासून टॉवरपर्यंत रेडिओलहरी, पुढे जमिनीखालची केबल, गावात पुन्हा लहरी, अशी वाहने बदलत जातात. लेकराचे “आई, कधी येणार?” मात्र तसेच पोहोचते. टूजीचे फोरजी झाले म्हणून बोलणे नव्याने शिकावे लागले नाही, हा थरांचाच उपकार!

लेखी निरोपाचा एखादा तुकडा वाटेत हरवला तर चौथा थर तो पुन्हा मागवतो. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र तेवढी वाट पाहायला सवड नसते. हरवलेला तुकडा बहुधा सोडून दिला जातो. म्हणून चेहरा क्षणभर गोठतो, पण बोलणे पुढे सरकते.

नेट अडले की मी खालून वर जातो. फोनला रेंज आहे का? नसेल तर अडचण तळाशी. रेंज आहे, पण काहीच उघडत नाही? मग डेटाचा रिचार्ज आणि पुढची वाट पाहावी. बाकी सारे चालते, एकच अ‍ॅप रुसले आहे? मग दोष बहुतेक वरच्या मजल्यावर. एवढे कळले तरी आजीच्या हातातला फोन बिघडला म्हणून दुकानात धावण्याचे बरेच हेलपाटे वाचतील.