दुकानात जिंकलेला पडदा

साधारण २००५ ते २०१२ या काळात ज्या घरात चपटा टीव्ही आणायचं ठरलं, तिथे 'प्लाझ्मा घ्यायचा की एलसीडी' यावरून एखादा रविवार तरी खर्ची पडलाच. इंटरनेटवर वाचणारा भाचा प्लाझ्माच्या बाजूनं, दुकानातला सेल्समन एलसीडीच्या बाजूनं, आणि घरच्यांना काळजी हॉलमधल्या शोकेसची. सुतारानं ते जुन्या डब्याच्या मापानं खोल बनवलेलं असे, त्यात हा पातळ पडदा ठेवायचा कसा? त्या वादातला एक पक्ष आता बाजारात उरलेलाच नाही. आणि माझं स्पष्ट मत असं की, जो गेला त्याचंच चित्र चांगलं होतं.

दोन्ही तंत्रं १९६०च्या दशकातली, दोन्ही अमेरिकेत जन्मलेली. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा बनवला. तो टीव्हीसाठी नव्हताच, विद्यार्थ्यांना संगणकावर शिकवण्यासाठी होता आणि त्यावर फक्त नारिंगी अक्षरं उमटत. द्रव स्फटिकांचा पडदा, म्हणजेच एलसीडी, आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी घडवला. १९६८ मध्ये तो जगापुढे आला. आरसीएनं त्याचं फारसं काही केलं नाही. जपानच्या शार्पनं मात्र १९७३ मध्ये तो कॅल्क्युलेटरवर बसवला. घराच्या भिंतीवर यायला दोघांनाही पुढे पंचवीस-तीस वर्षं लागली. नव्वदीच्या अखेरीस बेचाळीस इंची प्लाझ्मा विकायला आला, तेव्हा त्याच्या किमतीत आपल्याकडे मोटार आली असती.

प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काचेच्या दोन थरांमधल्या चिमुकल्या खणांत निऑन आणि झेनॉन वायू असतो. वीज सोडली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते खणाच्या भिंतीवरचा लेप उजळवतात. ट्यूबलाइटचं तत्त्वच ते. एलसीडीत मागे दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे स्फटिक तो अडवतात किंवा सोडतात. पूर्ण अडवणं त्यांना जमत नाही, म्हणून रात्रीचं दृश्य काळं न दिसता राखाडी दिसतं. सुरुवातीच्या एलसीडीवर तर क्रिकेटचा चेंडू सीमारेषेकडे निघाला की मागे शेपूट ओढत जाई. प्लाझ्मावर चेंडू चेंडूच राही, आणि खोलीच्या कोपऱ्यात खाली बसलेल्या माणसालाही रंग तसेच दिसत.

मग हरला कसा? बऱ्याच अंशी दुकानात हरला. शोरूममध्ये डोक्यावर पांढऱ्या दिव्यांचा झगमगाट असतो. प्लाझ्माची पुढची काच त्यात आरशासारखी चमके. शिवाय सगळा पडदा एकदम पांढरा झाला की वीज आटोक्यात ठेवण्यासाठी प्लाझ्मा आपणहून मंद होई. शेजारी एलसीडी निळसर, भडक, पूर्ण तेजावर लावलेले. गिऱ्हाईक दोन्हींकडे जेमतेम दोन मिनिटं पाहणार आणि जो जास्त उजळ तो चांगला असं ठरवणार. प्लाझ्माचा खरा काळा रंग पाहायला रात्री दिवे मालवून बसावं लागे, आणि ते कुठलाही दुकानदार करून दाखवत नसे.

बाकीची कारणं मात्र खोटी नव्हती. पन्नास इंची प्लाझ्मा तीनशे वॉटच्या पुढे सहज जाई. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. घरातला इन्व्हर्टर पंखे आणि दोन दिवे सांभाळायचा, त्यावर हे ओझं कोण टाकणार? प्लाझ्माचे खण फार बारीक करणं अवघड, त्यामुळे लहान मापात तो परवडत नसे. आपल्या हॉलला बत्तीस इंच पुरत, आणि त्या मापात एलसीडीला जवळपास मोकळं रान होतं. त्यात वाहिनीचं बोधचिन्ह काचेवर कायमचं उमटण्याची भीती. ती बरीच फुगवून सांगितली गेली. पण दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवणाऱ्या घरांत ती अगदीच निराधार नव्हती.

पिक्चर ट्यूबचा जुना डबा इतक्या झपाट्यानं जाईल असं उद्योगातल्या जाणत्यांनाही वाटलं नव्हतं. ज्यांचा मोठा कारखाना आपल्या औरंगाबादजवळ होता त्या व्हिडिओकॉननं २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला व्यवसाय विकत घेतला. २००७ संपता संपता जगात एलसीडीची विक्री ट्यूबच्या टीव्हीपुढे गेली. व्हिडिओकॉन बुडण्याची कारणं पुढे आणखीही झाली, पण हा सौदा आज वाचताना वेळेचं गणित किती चुकू शकतं ते दिसतं.

खरं तर त्या वर्षांत पडदा कुठला, यापेक्षा त्यात चित्र कुठून येतं हा प्रश्न मोठा होता. केबलवाल्याच्या जुन्या तारेतून येणारं खरखरीत चित्र नव्या पडद्यावर आणखीच वाईट दिसे. वर रुंद पडदा भरायचा म्हणून चित्र ताणलं जाई, आणि मालिकांमधल्या सडपातळ नायिकाही चांगल्या अंगानं भरल्यासारख्या वाटत! मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुण्या-नागपूरसारख्या शहरांत त्यानंतर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा कुठे लोकांना आपल्या टीव्हीचा खरा चेहरा दिसला.

दरम्यान २००९ पासून 'एलईडी टीव्ही' हे नाव रूढ झालं. आत पडदा एलसीडीचाच, फक्त मागच्या नळ्या जाऊन एलईडी दिवे आले. वीज वाचली, जाडी घटली, हे खरं. पण नवा पडदा म्हणून ते विकणं ही चलाखीच होती. थ्रीडी आणि वक्र पडदे आले आणि गेले. त्यांच्यावर शाई खर्च करायला नको.

प्लाझ्माचा शेवट त्याच्या ऐन बहरात झाला. पायोनियरचा 'कुरो' हा प्लाझ्मा जाणकारांनी डोक्यावर घेतला, आणि २००९ मध्ये पायोनियरनं टीव्ही बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये आपला उत्कृष्ट प्लाझ्मा काढला आणि त्याच वर्षाअखेर उत्पादन थांबवलं. पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडले. त्याच २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत असताना सरकारनं प्रवासी सामानातून चपटा टीव्ही शुल्काविना आणण्याची सवलत काढली आणि दुबई-बँकॉकहून खोकी आणण्याचा उद्योगही मंदावला.

प्लाझ्माचे गुण, आणि दोषही, ओएलईडीत परत आले. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ज्याचा पाया घातला, तो पडदा २०१३ पासून मोठ्या मापात मिळू लागला. ठिपका स्वतः उजळतो, विझला की पूर्ण काळा. आणि बोधचिन्हाचा डाग पडण्याची धास्ती तशीच. नावात एकाच अक्षराचा फरक असलेला 'क्यूएलईडी' मात्र वेगळ्या कुळातला, मागे दिवा असलेला एलसीडीच. त्यात रंग सुधारणारे क्वांटम डॉट आहेत, ज्यांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञान अस्सल, नाव मात्र फसवं.

बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा मोठा पडदा घ्यायचा विचार अनेक घरांत चालू असेल. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहत असाल आणि खिसा साथ देत असेल तर ओएलईडी घ्या. हॉलमध्ये दिवसभर उजेड आणि बातम्या असतील तर चांगला एलसीडी पुरेल. मंडळी खोलीभर पसरून बसत असतील तर त्यातलाही आयपीएस पॅनेल मागा. सगळे समोरच बसत असाल तर व्हीए, त्याचा काळा रंग अधिक गडद असतो. आणि दुकानात रिमोट मागून घ्या, भडक 'व्हिव्हिड' मोड बदलून 'सिनेमा' करा आणि मगच पडदा पाहा. सेल्समन कुरकुरला तर शेजारच्या दुकानात जा.