सौदा आणि पूर्तता : मुंबईच्या शेअरबाजारातील सुधारणांचा एक विचार

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून पश्चिमेस निघाले असता थोड्याच वेळात रेल्वेचे रूळ लागतात आणि त्यांच्या पलीकडे बॅकबेचा समुद्र येतो. हा किनारा भरून काढून त्यातून जमीन निर्माण करावी, या हेतूने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात एक कंपनी स्थापन झाली होती. त्या कंपनीच्या शेअरांवर मुंबईने जो सट्टा खेळला, त्यातून या शहराच्या आर्थिक इतिहासातील पहिले मोठे अरिष्ट उद्भवले. याच नाक्यावरून दक्षिणेस गेले, तर काही अंतरावर दलाल स्ट्रीट लागते. त्या अरिष्टाच्या पाठोपाठ संघटित झालेला बाजार आजही तेथेच आहे. मुंबईच्या भांडवलबाजाराचा आरंभ आणि त्याची आजची अवस्था यांमधील अंतर भूगोलाच्या दृष्टीने असे अल्प असले, तरी सुधारणांच्या दृष्टीने ते दीडशे वर्षांहून अधिक काळाचे आहे.

या सुधारणांचा इतिहास सामान्यतः कायद्यांच्या आणि समित्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. तो तसा सांगण्यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे त्यांतील मूळ प्रश्न झाकला जातो. शेअरबाजारातील प्रत्येक व्यवहाराचे दोन भाग असतात. पहिला सौदा, म्हणजे अमुक भावाने घेण्याचे वा देण्याचे वचन; दुसरा पूर्तता, म्हणजे प्रत्यक्ष पैसा आणि प्रत्यक्ष शेअर यांची अदलाबदल. या दोहोंमध्ये जो अवधी जातो, त्या अवधीत वचनावर वचन रचता येते आणि त्या रचनेस उधारीचा पैसा मिळाला की भाव वास्तवापासून सुटतात. मुंबईतील प्रत्येक मोठे अरिष्ट या अवधीत जन्मले आणि प्रत्येक महत्त्वाची सुधारणा हा अवधी आखडण्यासाठी झाली, असे थोडक्यात म्हणता येईल.

(१) १८६५ चा धडा

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. त्याची जागा पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाने घेतली आणि मुंबईत अपरिमित पैसा आला. हा पैसा गुंतविण्यास पुरेसे उद्योग शहरात नव्हते. साहजिकच बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. १८५० च्या सुमारास बोटांवर मोजण्याइतके असणारे शेअरदलाल १८६० नंतर दोन-तीन वर्षांतच दोनशेच्या वर गेले. बॅकबे कंपनीच्या ज्या शेअरापोटी ५,००० रुपये भरलेले होते, त्याचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला.

या चढाओढीत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली म्हणजे वायद्याचे सौदे. घेणाऱ्याजवळ पैसा नसे, देणाऱ्याजवळ शेअर नसे. पुढील ठरलेल्या दिवशी भावातील फरकाचा हिशेब व्हावा, एवढीच दोघांची अपेक्षा असे. दुसरी म्हणजे बँकांचे कर्ज. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर पूर्वी जी बंधने होती, ती १८६३ च्या कायद्याने सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा तिला मिळाली. त्यामुळे शेअर घेण्यासाठी कर्ज, त्या कर्जास तेच शेअर तारण आणि त्यांचा भाव चढला की आणखी कर्ज, असे चक्र सुरू झाले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातील सर्वांत प्रभावी दलाल होते व या बँकेच्या कारभारावरही त्यांचे मोठे वजन होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळले. असंख्य वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशी वचने पुष्कळ निघाली, पैसा मात्र कोणापाशीच निघाला नाही. बॅकबे कंपनीचा शेअर कालांतराने दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर उतरला. १८६८ मध्ये ती बँक मोडीत काढावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक उभारण्यात आली.

दलालांनी या अनुभवातून संघटनेचा बोध घेतला. ९ जुलै १८७५ रोजी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ची स्थापना झाली. तिची प्रवेश फी एक रुपया होती. आजच्या मुंबई शेअरबाजाराचे हेच मूळ. परंतु ही दलालांची स्वतःची संस्था होती. बाजारात खेळणारा आणि बाजाराचे नियम करणारा एकच, ही तिच्या घटनेतील उणीव पुढे शंभरावर वर्षे टिकली.

(२) बदल्याची रीत

विसाव्या शतकात वायद्याची जागा ‘बदल्या’ने घेतली. तिचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्याने २०० रुपये भावाने १०० शेअर घेतले. पूर्ततेच्या दिवशी त्याच्यापाशी २०,००० रुपये नाहीत, किंवा असूनही ते गुंतविण्याची त्याची इच्छा नाही. तो आपला सौदा पुढील पूर्ततेपर्यंत ‘उभा’ ठेवतो. बाजार त्या दिवसाचा एक ‘हवाला’ दर ठरवितो. तो २१० असेल, तर घेणाऱ्यास १,००० रुपये फरक मिळतो. १८० असेल, तर त्यास २,००० रुपये भरावे लागतात. दरम्यान शेअर सोडवून घेण्यास लागणारी रक्कम तिसराच कोणी धनिक पुरवितो आणि त्याबद्दल आकार घेतो, हाच बदला. हे चक्र पंधरवड्यामागून पंधरवडा फिरविता येई.

बदल्याचे समर्थक म्हणत, की यामुळे बाजारात गिऱ्हाइकाची उणीव पडत नाही. यात तथ्य होते. तथापि खरेदी, कर्ज आणि सट्टा ही तीन भिन्न कृत्ये या रीतीत एकच होऊन जात आणि एकूण किती उधारीवर भाव उभे आहेत हे बाहेरून कळत नसे. १९२३-२४ ची अॅटले समिती, १९२५ चा मुंबई प्रांताचा रोखे-करार नियंत्रण कायदा, १९३६-३७ ची मॉरिसन समिती, १९५१ ची गोरवाला समिती आणि तिच्या शिफारशींवरून झालेला १९५६ चा मध्यवर्ती कायदा, या सर्वांपुढे मुख्यतः हाच प्रश्न होता. १९५७ मध्ये या कायद्यान्वये मुंबईच्या बाजारास कायम मान्यता मिळाली. १९६९ च्या जूनमध्ये सरकारने वायद्यांवर बंदी घातली. परंतु व्यवहार आडमार्गाने चालूच राहिला आणि १९८३ मध्ये निवडक शेअरांपुरती ही रीत पुन्हा विहित ठरली. ज्या रूढीची बाजारास गरज वाटते, ती केवळ निषेधाने नष्ट होत नाही. तिचे काम दुसऱ्या साधनाने करून द्यावे लागते, हे यावरून दिसून आले.

(३) कागदाचा अंत

१९९२ चे प्रकरण हर्षद मेहता यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे मर्म मात्र व्यक्तीपेक्षा पद्धतीत होते. बँका आपसांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करीत, तेव्हा रोखे प्रत्यक्ष न देता ‘बँक रिसीट’ नावाची पावती देण्याची प्रथा होती. रोखे नंतर दिले जातील, असे वचन म्हणजेच ही पावती. काही पावत्यांच्या पाठीशी रोखे नव्हतेच. दलालांच्या मध्यस्थीने बँकांचा पैसा शेअरबाजाराकडे वळला आणि एप्रिल १९९२ मध्ये हे उघडकीस आल्यावर भाव कोसळले. १८६५ मध्ये जे शेअरांच्या तारणाने घडले होते, तेच येथे पावतीच्या आधाराने घडले.

याच वर्षी सेबी या नियामक मंडळास कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि नव्या शेअरांचे भाव ठरविणारी भांडवल-नियंत्रकाची कचेरी बंद झाली. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची स्थापना झाली व ३ नोव्हेंबर १९९४ पासून तेथे संगणकाच्या पडद्यावर शेअरांची खरेदी-विक्री सुरू झाली. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजारानेही ओरडून सौदे करण्याची जुनी पद्धत सोडण्यास आरंभ केला.

सौदा क्षणात होऊ लागला. पूर्तता मात्र कागदावरच अडली होती. शेअरचा दाखला आणि हस्तांतरपत्र कंपनीकडे पाठवावयाचे, सही जुळली नाही तर ते परत यावयाचे, मध्येच गहाळ वा बनावट निघावयाचे, यात महिने जात. लहान गुंतवणूकदारास याचा जाच सर्वाधिक होई, कारण त्याचे सारे भांडवल त्या एका लिफाफ्यात असे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअरची मालकी कागदावरून नोंदीत आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एनएसडीएलचे काम सुरू झाले. शेअर घरात ठेवण्याची वस्तू न राहता खात्यातील आकडा झाला. अवधी आखडण्याच्या मार्गातील ही सर्वांत मोठी पायरी होय.

(४) जुलै २००१

तरीही बदला जिवंत होता. सेबीने १९९३ च्या अखेरीस तो थांबविला; पुढे सुधारित रूपात तो परतला. २००१ च्या मार्चमध्ये केतन पारेख प्रकरण बाहेर आले आणि अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँक बुडाली. या बँकेने दलालांना कर्जे दिली होती; तिच्याकडे ठेवी ठेवणाऱ्यांत असंख्य सामान्य माणसे आणि इतर सहकारी बँका होत्या. यानंतर नागरी सहकारी बँकांनी शेअरदलालांस कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बंदी घातली. २ जुलै २००१ पासून प्रमुख शेअरांतील बदला बंद झाला आणि प्रत्येक दिवसाच्या सौद्याची ठरावीक दिवसांत पूर्तता करण्याची पद्धत लागू झाली.

त्याच जुलै महिन्यात युनिट ट्रस्टने आपल्या ‘युनिट-६४’ योजनेची खरेदी-विक्री स्थगित केली. १९६४ मध्ये सुरू झालेली ही योजना मध्यमवर्गाच्या दृष्टीने बाजार नव्हतीच. पोस्टाच्या बचतीसारखाच तो एक सुरक्षित ठेवा मानला जाई. गिरगाव, दादर, परळ या भागांतील पगारदार कुटुंबाने दलाल स्ट्रीट कधी पाहिली नसली, तरी त्याचा पैसा युनिटच्या वाटेने तेथे पोहोचलेला होता. युनिटचा भाव त्यामागील मालमत्तेच्या किमतीवरून ठरत नसे, तो ट्रस्ट ठरवीत असे. म्हणजे येथेही देऊ केलेले वचन आणि त्यामागील प्रत्यक्ष धन यांत अंतर पडले होते. निवृत्तीची पुंजी त्या योजनेत असणाऱ्यास ते अंतर एका सकाळी वर्तमानपत्रात वाचावे लागले.

पुढील सुधारणा वेगाने झाल्या. पूर्ततेचा अवधी पाच दिवसांवरून २००२ मध्ये तीन आणि २००३ मध्ये दोन दिवसांवर आला; २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांसाठी तो एका दिवसाचा झाला. २००५ मध्ये मुंबई शेअरबाजार दलालांची संस्था न राहता कंपनी बनला आणि १८७५ ची ती मूळ उणीव कायद्याने दूर झाली.

(५) चीनचे उदाहरण

अवधी आखडला म्हणजे अरिष्ट टळले काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना चीनकडे पाहणे उपयुक्त ठरते. शांघाय आणि शेंझेन येथील आजचे बाजार १९९० मध्ये सुरू झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये शेंझेन येथे शेअरांच्या अर्जांसाठी लोटलेल्या जमावाचे दंगलीत पर्यवसान झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तेथे रोखे-नियामक आयोग स्थापन झाला. भारतात १९९२ मध्ये सुधारणांना जी गती आली, तिचा आणि चीनमधील या घटनांचा काळ असा एकच आहे. सट्टा आवरण्यासाठी आज घेतलेला शेअर आजच विकता येऊ नये, असा नियम चीनने १९९५ मध्ये केला. सरकारच्या मालकीचे बहुसंख्य शेअर विक्रीबाहेर ठेवलेले होते. ते बाजारात आणण्याची मोठी सुधारणा २००५ मध्ये सुरू झाली.

एवढे असूनही २०१५ च्या जूनमध्ये शांघायचा निर्देशांक पाच हजारांवर जाऊन कोसळला. त्यामागे उधारीवर केलेली खरेदी होती. तिच्यापैकी बराच भाग अधिकृत दलालांच्या बाहेर, नियामकाच्या नजरेआड चाललेला होता. जानेवारी २०१६ मध्ये भाव ठरावीक प्रमाणात उतरताच बाजार थांबविण्याचा उपाय योजण्यात आला; त्याने घबराट वाढली आणि चार दिवसांच्या व्यवहारानंतर तो मागे घ्यावा लागला. पूर्ततेची व्यवस्था चोख असली तरी उधारीने एक दार बंद झाल्यावर दुसरे शोधले, असे हे उदाहरण सांगते.

(६) उपसंहार

मुंबईतही असे दुसरे दार उघडलेले आहे. बदल्याची गरज भागविण्यासाठी जून २००० पासून निर्देशांकाचे वायदे आणि त्यापाठोपाठ ऑप्शन यांना रीतसर परवानगी देण्यात आली. हे व्यवहार उघड, नोंदलेले आणि अनामत घेऊन होणारे आहेत. या अर्थाने ते बदल्याहून निश्चितच श्रेष्ठ होत. परंतु सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. त्यानंतर कराराचा किमान आकार वाढविणे, दर आठवड्यास संपणाऱ्या करारांची संख्या घटविणे असे निर्बंध आले.

येथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. १८६५ मध्ये, १९९२ मध्ये आणि २००१ मध्ये वचन मोडले गेले. ज्याला मिळावयाचे त्याला मिळाले नाही. आज प्रत्येक वचन दुसऱ्या दिवशी पाळले जाते आणि तरीही लहान माणूस हरतो. पहिल्या प्रकारची हानी ही व्यवस्थेची हानी होती आणि व्यवस्थेच्या सुधारणेने ती बव्हंशी दूर झाली. दुसऱ्या प्रकारची हानी नियमांचे पालन होत असतानाच घडते. पूर्ततेचा अवधी आखडून तिचे निवारण होणार नाही. बचत करण्यास आलेला आणि पैज लावण्यास आलेला यांना बाजार एकाच दारातून आत घेतो, हे त्या हानीचे कारण आहे. या दोघांसाठी दोन दारे कशी करावयाची, हा मुंबईच्या भांडवलबाजारापुढील पुढचा प्रश्न आहे. बॅकबेच्या कंपनीचा शेअर घेणाऱ्यांपैकी आपण या दोहोंतील नेमके कोण आहोत, याचा विचार १ जुलै १८६५ पूर्वी फारच थोड्यांनी केला होता.