ओरडली का नाही?

काही महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात शिक्षकांच्या एका बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय होता मुलांची सुरक्षितता. कायद्याची कलमे सांगून झाली, मदतीचे दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून झाले. शेवटी मागच्या बाकावरून एक वयस्क गुरुजी म्हणाले, "हे सगळे ठीक. पण अशा प्रसंगी मुलगी ओरडत का नाही? हातपाय का झाडत नाही?"

गुरुजींच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कोडे पडले होते. हाच प्रश्न घरी आई विचारते, गावात चार माणसे विचारतात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयातही तो विचारला जातो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या तोंडात इतके रुळलेले आहे, की गप्प राहिली म्हणजे तिची तयारी असणार, हा निष्कर्ष कोणी न बोलताच निघतो.

वास्तविक हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर शरीरशास्त्राने दिलेले आहे. ते शिक्षकांना ठाऊक असणे फार गरजेचे आहे. का, ते पाहू.

देसाईगंजचा खटला

या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने एकदा फार मोठी मोजली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. (देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे.) १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी मुकाट्याने सोसणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, असा फरक त्या निकालात केलेला होता. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, आणि आरडाओरड केल्याची गोष्ट रचलेली आहे, असा तर्क त्यामागे होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. देशभर महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

योगायोग असा, की त्याच १९७९ साली सुसान सुआरेझ आणि गॉर्डन गॅलप या अमेरिकन संशोधकांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांमध्ये दिसणारी एक जुनी प्रतिक्रिया बलात्काराच्या वेळी माणसातही घडत असावी, असे त्यांनी सुचवले होते. या प्रतिक्रियेची गोष्ट सुरू होते एका कोंबडीपासून.

कोंबडी आणि खडूची रेघ

इ. स. १६४६ मध्ये रोममधील विद्वान धर्मगुरू अथानासिउस किर्खर यांनी एक प्रयोग नोंदवून ठेवला. कोंबडीचे पाय बांधून तिला जमिनीवर आडवे करायचे, डोळ्यापुढे खडूने एक सरळ रेघ ओढायची आणि मग पाय सोडायचे. कोंबडी मोकळी होऊनही उठत नाही, दगडासारखी पडून राहते. रेघेलाच ती दोरी समजत असावी, असे किर्खर यांना वाटले.

पुढे लक्षात आले, की रेघेची गरजच नाही. कोंबडीला काही क्षण दाबून धरले तरी पुरते. गॅलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात याचा कसून अभ्यास केला. समोर पेंढा भरलेला ससाणा ठेवला, तर कोंबड्या जास्त वेळ निश्चल राहत. ससाण्याचे डोळे झाकले, तर हा परिणाम कमी होई. म्हणजे ही झोप नव्हे, संमोहन नव्हे आणि सोंगही नव्हे. हे भीतीचे शेवटचे टोक आहे. (म्हणूनच हा प्रयोग वर्गात करून दाखवू नये.)

शास्त्रज्ञ याला ‘टॉनिक इम्मोबिलिटी’ म्हणतात. आपण ‘भयजन्य निश्चलता’ म्हणू. कीटक, मासे, सरडे, पक्षी, ससे अशा कितीतरी प्राण्यांत ती आढळते. तिचा उपयोग काय? धडपडणाऱ्या भक्ष्यावरची पकड शिकारी प्राणी घट्ट करतो, निपचित भक्ष्यावरची पकड कधी कधी सैल पडते. कोल्ह्याच्या तोंडी सापडलेली बदके निपचित पडून काही वेळा निसटतात, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते.

मेंदूत काय घडते?

संकट आले की ‘लढा किंवा पळा’ ही प्रतिक्रिया होते, हे आपण शिकवतो. वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मांडली. अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदयाची धडधड वाढते, स्नायूंना जास्त रक्त मिळते. पण चित्र एवढ्यावर पुरे होत नाही.

धोक्याची पहिली दखल मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक भाग घेतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. तेथून निघालेले संदेश मध्यमेंदूतील करड्या पेशींच्या एका पट्ट्यात पोचतात. प्राण्यांवरील प्रयोगांत या पट्ट्याचा एक भाग चेतवला तर प्राणी पळतो किंवा अंगावर येतो, दुसरा भाग चेतवला तर जागच्या जागी थिजतो. धोका दूर असेल तर प्राणी सावधपणे थबकतो, जवळ आला तर पळतो, पकडला गेला तर झगडतो. सुटकेची वाटच उरली नाही, तर शेवटी निश्चलता येते.

याच वेळी कपाळामागचा, विचार करून निर्णय घेणारा भाग तीव्र ताणाखाली मंदावतो. ‘आता ओरडावे, दाराकडे धावावे’ अशी आखणी करणारा हाच भाग. त्यामुळे अशा अवस्थेतून गेलेली माणसे सांगतात, ‘सगळे कळत होते, पण आवाज फुटेना, हात हलेना.’ माणूस शुद्धीवर असतो, पण शरीर त्याच्या हुकमात नसते. आपल्याकडे ‘पाचावर धारण बसणे’, ‘वाचा बसणे’ असे वाक्प्रचार आहेतच. भाषेला जे ठाऊक होते, ते आपण नेमके या एका प्रसंगी विसरतो.

माणसांत हे किती घडते?

स्टॉकहोम येथील एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय निश्चलता अनुभवली होती आणि ४८ टक्के स्त्रियांनी अतितीव्र. सहा महिन्यांनी पुन्हा भेटलेल्या स्त्रियांत, ज्यांना निश्चलता आली होती त्यांच्यात आघातोत्तर मानसिक विकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले.

या आकड्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. असा प्रयोग माणसांवर करता येत नाही, करूही नये. माहिती त्या स्त्रियांनी आठवून दिलेली आहे. सगळ्याच जणी थिजत नाहीत. काही ओरडतात, काही झगडतात, काही जीव वाचावा म्हणून विचारपूर्वक गप्प राहतात. म्हणून निश्चलता हा अत्याचाराचा पुरावा ठरत नाही. पण प्रतिकार न दिसणे हा संमतीचाही पुरावा ठरत नाही. आपल्या मुद्द्यासाठी एवढेच पुरेसे आहे.

कायद्यानेही हे आता मान्य केले आहे. २०१३ च्या दुरुस्तीत आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्टीकरण आहे, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही.

जखमेचेही तसेच. पुष्कळ प्रकरणांत जखम आढळतच नाही, आणि आढळली तरी ती लवकर भरून येते. ‘कौमार्याच्या खुणा’ नावाचा भाग तर वैद्यकीय अभ्यासक्रमात कित्येक वर्षे होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याला शास्त्रीय आधार नसल्याचे पाठपुरावा करून दाखवून दिले. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग वगळला. तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ कोणी केल्यास ते गैरवर्तन मानले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले.

आठवणींचा क्रम

अत्याचार झालेले मूल हकिकत सांगते तेव्हा ती बहुधा तुटक असते. भिंतीचा रंग आठवतो, वार आठवत नाही. आधीचे नंतर आणि नंतरचे आधी येते. आपल्याला वाटते, खोटे बोलत असावे. परंतु तीव्र भीतीत लक्ष एका ठिकाणी खिळते. तेवढे ठळक नोंदले जाते, बाकीचे निसटते.

येथे शिक्षकाचा एक चुकीचा प्रश्नही घात करू शकतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. ‘मोटारी एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ या प्रश्नात ‘आदळल्या’च्या जागी वेगवेगळी क्रियापदे घातली. शब्द जितका जोरकस, तितका सांगितलेला वेग जास्त. आठवड्यानंतर जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’. फितीत काचा फुटलेल्या नव्हत्याच. म्हणून ‘त्यानेच केले ना?’, ‘असेच झाले ना?’ असे विचारू नये. ‘पुढे सांग’, ‘मी ऐकतो आहे’ एवढेच म्हणावे.

शाळेत काय करावे?

नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. नातलग, शेजारी, कधी शाळेतलाच माणूस. विश्वासातल्या माणसाने हात टाकला, की गोंधळ आणि भीती एकदमच येतात. अशा मुलाने, मग तो मुलगा असो वा मुलगी, आपल्याकडे येऊन बोलणे हेच केवढे धाडस! त्याला पहिले वाक्य ‘तू ओरडली का नाहीस?’ हे ऐकू आले, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही. जवळच्यांकडून दोष मिळालेल्यांना सावरणे अधिक जड जाते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याऐवजी ‘सांगितलेस हे चांगले केलेस. यात तुझी चूक नाही’ असे म्हणावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येत नाही.

मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. पाच जणांपुढे पुन्हा वदवून घेऊ नये, आरोपीसमोर उभे करू नये, प्रकरण शाळेतच ‘मिटवू’ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बालकांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मुलाचे नाव गावभर होणार नाही, ही जबाबदारीही आपलीच.

वैद्यकीय मदत लवकर मिळावी. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा रोखणारी तातडीची गोळीही जितकी लवकर, तितकी परिणामकारक. शरीरावरचे नमुने घेण्यासाठी केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत ९६ तासांची मुदत आहे. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ते प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत, कारण ओलसरपणाने बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. मुदत उलटली, अंघोळ झाली, तरीही रुग्णालयात जावेच. आमच्या शहरात घाटी रुग्णालय आहे, पण सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि तत्काळ दिले पाहिजेत, असा कायदा आहे.

महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समिती असावयाची आहे. आपल्या शाळेतील समिती कागदावर आहे की खरी, हे एकदा पाहावे. आणि चेतासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी शिकवताना ‘लढा किंवा पळा’ यापुढे ‘किंवा थिजा’ हे दोन शब्द जरूर जोडावेत. ते ऐकून एखाद्या मुलीच्या मनावरचे ओझे उतरेल. त्याच तासाला मुलांनाही कळेल, की समोरच्याचे गप्प राहणे हा होकार नव्हे. होकार मोकळेपणाने दिलेला असावा लागतो, आणि तो कधीही मागे घेता येतो.

बैठक संपल्यावर ते गुरुजी आमच्याजवळ आले. जरा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला हेच विचारले होते."

आम्हाला उत्तर सुचले नाही. पण तो प्रश्न आता आपल्यापैकी कोणी विचारू नये, एवढ्यासाठी हा लेख.