स्रेब्रेनित्साच्या विधवा : नवरा कुठे आहे, एवढेच विचारायचे आहे

नवरा वारला तर बाई विधवा होते, इद्दतीला बसते. पण नवरा जिवंत असल्याची खबर नाही आणि मयत झाल्याचीही नाही, तर ती कोण? अशा बेपत्ता माणसाला फिक्हच्या ग्रंथांत 'मफकूद' म्हणतात. युरोपातील बोस्निया देशात हजारो मुस्लिम स्त्रियांची उमर या एका शब्दात गेली आहे.

पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा संयुक्त राष्ट्रसंघाने १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले. आसपासच्या खेड्यांतील मुस्लिम तेथे आसऱ्याला आले. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब फौजेने ते जिंकले. जवळच्या पोतोचारी येथे डच शांतिसैनिकांचा तळ होता. तेथे जमलेल्या कुटुंबांतून पुरुषांना बाजूला काढले गेले आणि बायका-मुलांना बसगाड्यांत घालून धाडून दिले. जंगलाच्या वाटेने निघालेले पुरुषही मोठ्या संख्येने पकडले गेले. थोड्याच दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे ठार झाले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याला वंशसंहार ठरवले आहे.

मारेकऱ्यांनी आधी मोठ्या खड्ड्यांत प्रेते पुरली. मग गुन्हा लपवण्यासाठी काही महिन्यांतच यंत्रांनी ते खड्डे उकरून प्रेते दुसरीकडे नेली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली.

सुरुवातीला ओळख पटवायची ती कपड्यांवरून. सापडलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांचे पुस्तकच तयार करण्यात आले. बायका त्यात आपण विणलेला स्वेटर, आपल्या हातचे ठिगळ शोधत. पुढे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हाडांची डीएनए तपासणी हाती घेतली. नातेवाइकांच्या रक्ताशी हाडे जुळवून पाहायची. पण येथे बायकोचे रक्त कामाचे नाही, कारण नवऱ्याशी तिचे रक्ताचे नाते नसते. सासू-सासरे, दीर-नणंद किंवा मुलांचे रक्त लागते. ज्या घरात बाप, मुलगे, भाऊ सारेच एकदम गेले, तेथे रक्त आणायचे कोणाचे?

तरीही सुमारे सात हजार जणांची ओळख पटली. पण ओळख पटल्याची खबर आली तरी प्रश्न सुटत नाही. कधी संपूर्ण सांगाडा मिळतो, कधी एखादेच हाड. आत्ता दफन करावे की बाकीचे मिळेपर्यंत थांबावे, हे घरच्यांनी ठरवायचे. काही जणी थांबल्या. 'एका हाडाचा जनाजा कसा करू?' हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. काहींनी वय झाले म्हणून होकार दिला. आपण गेल्यावर फातिहा पढायला कबर तरी असावी, एवढीच इच्छा. पुढे आणखी हाडे मिळाली की पुरलेली कबर पुन्हा उघडावी लागते.

शरीअतने बेपत्ता माणसाच्या बायकोला वाऱ्यावर सोडलेले नाही. जुन्या हनफी मतानुसार तिची प्रतीक्षा फार लांब होती. मालिकी मतानुसार काजीकडे गेल्यावर चार वर्षांची मुदत आणि नंतर इद्दत. आपल्याकडे मौलाना अशरफ अली थानवी यांनी याच मताचा आधार घेऊन मार्ग काढला आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षे पत्ता नसणे हे तलाक मागण्याचे कारण ठरले. हा मार्ग निकाहाचा प्रश्न सोडवतो. परंतु बोस्नियातील बहुतेक बायकांना दुसरा निकाह नको होता. त्यांना उत्तर हवे होते. इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. खबर हाती आली तेव्हा ती केव्हाच सरून गेली होती. सांत्वनाला येणाऱ्यांची ये-जा नाही, हक्काने रडण्याचे दिवस नाहीत.

दरवर्षी ११ जुलैला पोतोचारीच्या कब्रस्तानात त्या वर्षी ओळख पटलेल्यांची एकत्र जनाज्याची नमाज होते. हिरव्या कापडात झाकलेले ताबूत खांद्यांवरून पुढे सरकतात. सुरुवातीला ते शेकड्यांनी असत, आता मोजकेच असतात. सुमारे हजार जणांचा मात्र अजून पत्ता नाही. ज्या खड्ड्यांची माहिती आहे, ती गुन्हेगारांकडे आणि पाहणाऱ्यांकडे आहे. ते बोलत नाहीत आणि वाट पाहणाऱ्या बायका एकेक करून अल्लाहला प्यारी होत आहेत.

अशा बाईला 'सब्र कर' म्हणणे सोपे असते. ती सब्र करतेच आहे, तीस वर्षे. तिच्यासोबत आपणही तो प्रश्न विचारत राहणे, हे तिचे आपल्यावरील देणे आहे. अल्लाह त्या बेपत्तांची मगफिरत करो आणि त्यांच्या बायकांना एक कबर नसीब करो. आमीन.