डिपरच आहे, भाऊ!

आमची पिकअप 2007 ची. ओतूरहून टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, जे निघेल ते घेऊन रात्री दहाला निघायचं, माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याण करत वाशीच्या मार्केटला वेळेत माल टाकायचा. इंजिन अजून खणखणीत आहे. लाईट मात्र देवघरातल्या समईसारखे. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की लाईट चालू आहेत का, हे खाली उतरून बघायची पाळी यायची.

आळेफाट्याच्या एका वायरमनने उपाय सांगितला, एचआयडी किट. आपल्याकडे याला झेनॉनही म्हणतात. साध्या हॅलोजन बल्बमध्ये तार तापून उजळते, इथे तारच नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत दोन टोकं असतात, मधे चारेक मिलिमीटरची फट, आत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार. पहिली ठिणगी पाडायला वीस हजारांहून जास्त व्होल्ट लागतात. ते काम बॅलास्ट नावाची डबी करते. मग क्षारांची वाफ होते आणि उजेड चढत जातो. पूर्ण चढायला काही सेकंद जातात. वीज खाते फक्त 35 वॅट, प्रकाश देते 3000 ल्युमेनच्या आसपास. आमचा 60/55 वॅटचा एच-फोर बल्ब डिपरवर जेमतेम हजार देतो. हिशेब ऐकूनच मी पैसे काढले.

खोक्यावर 6000 केल्विन लिहिलं होतं. आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा, असं मला वाटलं. प्रत्यक्षात तो आकडा रंगाचा असतो. 4300 च्या आसपास ही बत्ती भरपूर उजेड देते. त्यापुढे ती निळी होत जाते आणि उजेड उलट कमी होतो. पण दुकानात निळाच रंग भारी दिसतो, काय करणार!

पहिल्या रात्री मी खूश. बोनेटपुढचा रस्ता दुधाने धुतल्यासारखा पांढरा. घाटात एका वळणावर समोरून टेम्पो चढत आला आणि तिथेच थांबला. ड्रायव्हरने डोळ्यांवर हात धरला होता.

“दादा, डिपर द्या की!”

“डिपरच आहे, भाऊ!”

त्याने शिवी दिली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तो खाली उतरला आणि म्हणाला, “या इकडं, बसा माझ्या जागेवर.” मी त्याच्या केबिनमध्ये चढलो आणि माझ्याच गाडीकडे पाहिलं. दोन पांढरे गोळे. रस्त्याची कड नाही, कठडा नाही, कठड्यापलीकडची दरी तर नाहीच. मी काही न बोलता उतरलो.

उजेड जास्त झाला म्हणून हे घडलं, असं मी धरून चाललो होतो. खरं कारण बल्बच्या जागेत आहे, आणि ते मला नंतर दुसऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनने जुना बल्ब हातात धरून दाखवलं. एच-फोरमध्ये दोन तारा असतात, मागची अप्परची, पुढची डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. दिव्यातला रिफ्लेक्टर म्हणजे उभी ठेवलेली परात समजा. डिपरच्या तारेचा जो प्रकाश परातीच्या वरच्या अर्ध्यावर पडतो, तो वळून खाली रस्त्यावर जातो. खालच्या अर्ध्यावर पडला, तर तो वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वाटी तो खालचा अर्धा भाग झाकते. एवढ्याशा पत्र्यावर डिपर उभा आहे! किटमध्ये प्रकाशाचा आकार वेगळा, जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने हललेली आणि वाटी ओबडधोबड. मग परात आपलं काम करतेच, फक्त चुकीच्या दिशेला. शिवाय पुढ्यातली जमीन लख्ख झाली की आपली बुबुळं आकसतात आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. म्हणजे मीही खरं तर कमीच पाहत होतो.

बीएमडब्ल्यूने 1991 साली सेव्हन सिरीजमध्ये ही बत्ती आणली, ती तिच्यासाठी घडवलेल्या दिव्यासकट. युरोपात तर 2000 ल्युमेनच्या वरच्या डिपरला काच धुणारी व्यवस्था आणि वजनाप्रमाणे आपोआप खाली-वर होणारा दिवा सक्तीचा केला. हे वजनाचं प्रकरण पिकअपवाल्याने नीट ऐकावं. हौद्यात कॅरेट भरले की पाटे दबतात, गाडी मागे बसते आणि नाक वर करते. दहा मीटरवरच्या भिंतीवर डिपरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली पडायला हवी. नाक एका अंशाने उचललं तरी ती रेघ 17 सेंटिमीटर वर सरकते. माल भरला की डिपर आपोआप अप्पर होतो तो असा.

किट मी काढलं. तसंही पासिंगला ते अडलंच असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही. कुर्ल्याहून जुन्या परदेशी गाडीचे प्रोजेक्टर आणून बसवायचा विचारही आला होता. ओळखीच्या एकाने तसं केलं, पण ते उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातले निघाले. त्यांचा उजेड उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.

म्हाताऱ्याने मग मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट, बल्बच्या पिनेवर 11.8. सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून, जुन्या बारीक वायरीतून फिरून येत होता. हॅलोजनचं दुखणं असं की व्होल्ट पंधरा टक्के घटले तर उजेड जवळपास चाळीस टक्के घटतो. त्याने दोन रिले बसवले, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत ओढली, अर्थिंग घासून नवं केलं. रिफ्लेक्टरची चांदी उडाली होती, म्हणून दिव्यांची जोडी बदलली. बल्ब तेच, 60/55 चे. काही जण 100/90 चे घालतात आणि वितळलेला होल्डर घेऊन परत येतात.

शेवटी कॅरेट भरून गाडी कांदाचाळीच्या भिंतीसमोर लावली आणि खडूच्या रेघेवर लाईट सेट केले. या गाडीत ते आतून खाली-वर करायची सोय नाही. त्यामुळे वाशीहून रिकामी परतताना उजेड जरा आखूड पडतो. तेव्हा मुरबाडच्या पुढे मी काटा पन्नासवर जाऊ देत नाही. घाई जातानाची असते. येताना मागे नुसते रिकामे कॅरेट खडखडत असतात.